चिमूटभर डॅनिश साखर

शारजाच्या अल नहदात, दुबईच्या हद्दीला खेटून असलेल्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर कुमुद रेडीज राहते. एक बेडरूम, एक हॉल, आणि हॉलमध्येच कपाटाच्या आडोशाला लेकीचं अभ्यासाचं टेबल. ह्या घराकडे बघायला कुमुदला फुरसत नसते, कारण दिवसाचे नऊ तास ती दुसरंच एक घर आवरत असते. त्या घरात ओकच्या लाकडाचं जेवणाचं टेबल आहे, पांढराशुभ्र सोफा आहे, बाळाचा पाळणा आहे, आणि राहायला मात्र कुणी नाही. ते दुकानातलं घर आहे.

दुकानाचं नाव ट्वेडगोर. मालक डेन्मार्कचे. नव्वद वर्षांपूर्वी तिकडच्या कुठल्याशा गावात नील्स ट्वेडगोर नावाच्या माणसाने बादल्या आणि झाडू विकायचं दुकान काढलं. मुलाने बादलीला राखाडी रंग दिला, नातवाने झाडूला ‘डिझाइन’ म्हटलं, आणि तिथून जी भरभराट सुरू झाली ती थेट अमिरातीच्या वाळूपर्यंत आली. नऊ वर्षांपूर्वी दुबईत पहिलं दुकान निघालं तेव्हा कुमुद तिथे सेल्समध्ये लागली. आता अमिरातीत नऊ दुकानं आहेत, म्हणजे वर्षाला एक. लोकांच्या घरी इतक्या नेमाने पाहुणेही येत नाहीत.

आणि सगळं कसं, घरचं बरं का! प्रत्येक दुकानाच्या मागच्या भिंतीवर म्हाताऱ्या नील्सचा फोटो आणि खाली वाक्य, ‘आपण सगळे एकच कुटुंब.’ ईमेलची सुरुवात ‘प्रिय कुटुंबीयांनो’ अशी. रजा नामंजूर झाली तरी ती ‘प्रिय कुटुंबीयां’ची नामंजूर व्हायची. कुमुदला पहिल्या वर्षी ह्याचं फार अप्रूप वाटलं होतं. एवढी गोरी माणसं आणि आपल्याला घरचं म्हणतात, असं तिने सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं.

सासूबाई म्हणजे नर्मदाबाई, मुक्काम चिपळूण. त्या म्हणाल्या होत्या, “घरचं म्हणतात तर जेवायला कधी बोलावतात ते बघ.” अजून बोलावलेलं नाही.

आता त्या बरण्यांचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यांनीच घडवलं.

दुकानातल्या घराला स्वयंपाकघर होतं आणि त्याच्या फळीवर एका रांगेत बारा काचेच्या बरण्या मांडलेल्या असायच्या. वर लाकडाचं झाकण, तेही नुसतं टेकवलेलं. झाकण घट्ट का नाही, तर म्हणे ते ‘श्वास घेतं’. किंमत एकोणपन्नास दिरहम. म्हणजे अकराशे रुपयांच्या वर! रिकाम्या बरणीला! बायका यायच्या, किंमत उलटून बघायच्या, मनातल्या मनात आपापल्या देशाच्या पैशात हिशेब करायच्या आणि बरणी होती तिथे ठेवायच्या. आठ महिने एक बरणी हलली नाही.

कुमुदला विक्रीचं काही नव्हतं. तिला खुपत होतं ते वेगळंच. लावलेलं घर, लावलेली चूल, आणि फळीवर बाराच्या बारा डबे रिकामे? हे तिच्याने बघवेना. नर्मदाबाईंच्या घरात रिकामा डबा फळीवर चढत नसे. धुऊन पुसून कोरडा केला की आधी चिमूटभर साखर आत, मग डबा वर. शेजारणीचा वाडगा परत करायचा तरी तसाच, नुसता धुऊन नाही द्यायचा. आणि ती साखर हाताने घालायची, चमच्याने नाही, ह्यावर सासूबाईंचा फार कटाक्ष. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुमुदने चमचा घेतला तेव्हा त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला होता.

म्हणून एके दिवशी कुमुदने जेवणाच्या डब्यातून साखरेची पुडी नेली आणि बाराही बरण्यांत चिमूट चिमूट साखर घातली. पण बरणी काचेची पडली ना! एवढ्या मोठ्या बरणीच्या तळाशी ती चिमूट अगदीच केविलवाणी दिसू लागली. मग तिने खालच्या सुपरमार्केटातून तूरडाळ आणली, रवा, राजमा, मकरोनी आणली, आणि बरण्या गळ्यापर्यंत भरून टाकल्या. त्या आठवड्यात तीस बरण्या गेल्या. मल्याळी बायका नेऊ लागल्या, इजिप्तच्या नेऊ लागल्या, फिलिपिनो पोरी दोघींत मिळून एक घेऊ लागल्या. बाईला रिकामी बरणी दाखवली तर ती किंमत बघते, आणि राजम्याने भरलेली दाखवली तर आपलं घर बघते. एवढं साधं होतं, पण ते कळायला डेन्मार्कच्या कुणाला पगार नव्हता.

पगार होता प्रणव बेहेरेला. पुण्याचा एमबीए, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहायचा, साऱ्या अमिरातीचा मॅनेजर. काम असलं की तो कुमुदला ‘ताई’ म्हणायचा आणि चूक काढायची असली की इंग्रजीत ‘कुमुद’. बरण्यांचा खप बघून त्याने बेचाळीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं, ‘नॉर्डिक उजेडाचा ग्राहकाच्या मनावर परिणाम’. त्यात राजम्याचा उल्लेख नव्हता. प्रेझेंटेशन कोपनहेगनला गेलं, तिकडे टाळ्या वाजल्या, आणखी दुकानं उघडायचं ठरलं आणि प्रणवला नवी गाडी मिळाली. कुमुदला कॉफीचा मग मिळाला. राखाडी. त्यावर लिहिलं होतं, ‘कुटुंबातला तारा’.

तिने काही वाईट वाटून घेतलं नाही. नवं दुकान निघालं की आधी तिलाच पाठवायचे घर लावायला, आणि ती डाळ-राजम्याची यादी घेऊन जायची. वर्षं चांगली चालली होती. मग नवरा सिद्धार्थचा टाइल्सचा धंदा कोविडात खलास झाला. तो चिपळूणला आईकडे परतला आणि तिथे भावाच्या दुकानात बसू लागला. इथे राहिल्या मायलेकी. लेक पर्णिका आईच्या व्हिसावर, आणि आईचा व्हिसा ट्वेडगोर कुटुंबावर.

ह्या वर्षी पर्णिका बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड. आणि सप्टेंबरात ईमेल आलं, ‘प्रिय कुटुंबीयांनो, आपलं कुटुंब आता अधिक सुटसुटीत होत आहे.’ प्रत्येक दुकानातून एका ज्येष्ठ सदस्याला ‘स्वतःच्या कुटुंबासोबत वेळ घालवण्यासाठी मोकळं’ करणार होते. काय भाषा आहे! श्वास कोंडायचा तोही उशी ओकच्या रंगाची घेऊन. नावं नोव्हेंबरात ठरणार होती, कारण ऑक्टोबरात शारजात दहावं दुकान उघडायचं होतं आणि त्याला खुद्द मालकीण येणार होती, नील्सची नात, एक्याऐंशी वर्षांची इंगर ट्वेडगोर.

कुमुदने मनात हिशेब केला. दुकानात तिच्याहून ज्येष्ठ कोण होतं? गोदामातला हमदुल्ला, पण तो वयाने, नोकरीने नव्हे. नोव्हेंबरात नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि पोरगी ऐन बोर्डाच्या तोंडावर शाळेतून उठणार. तिने पर्णिकाला काहीच सांगितलं नाही. पर्णिकाने एकदा विचारलं, “ममा, व्हाय आर यू नॉट ईटिंग?” तर म्हणाली, अॅसिडिटी.

दहाव्या दुकानाचं घर लावायला तिलाच पाठवलं. तिने जीव ओतला. ह्या घरात काही कमी पडलं नाही तर म्हातारी आपलं नाव विचारेल, अशी तिची भाबडी आशा होती. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रणव आला, स्वयंपाकघरासमोर उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

“कुमुद, व्हॉट इज धिस? तूरडाळ?”

“नेहमीचीच आहे, सर. खपते.”

“मॅडम स्वतः येतायत. हे प्युअर स्कँडिनेव्हियन घर दिसलं पाहिजे. एम्प्टीनेस पाहिजे, एम्प्टीनेस! काढा सगळं.” मग आवाज खाली आणून, “ताई, प्लीज. माझीही नोकरी आहे हो.”

बाराही बरण्या रिकाम्या झाल्या. आणि एम्प्टीनेस कमी पडू नये म्हणून की काय, डेन्मार्कच्या जंगलाचा भास व्हावा यासाठी प्रणवने नर्सरीतून फायकसच्या आठ कुंड्या मागवल्या. त्या हमदुल्लाने ओढत आणून स्वयंपाकघराच्या शेजारी ओळीने लावल्या. तो आपल्या हिंदीत म्हणाला, “बाजी, इस मिट्टी में चींटी है.” कुमुदने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिचं लक्ष फळीवर होतं.

नवं घर. उद्या त्याचा पहिला दिवस. उद्यावरच लेकीची बारावी अवलंबून. आणि फळीवर बारा रिकामे डबे! तिने इकडेतिकडे बघितलं, पॅन्ट्रीतून साखर आणली आणि प्रत्येक बरणीत चिमूटभर घातली. हाताने. पांढऱ्या फळीवर पांढरी साखर, कुणाला दिसणार आहे? तिला जरा बरं वाटलं.

बाई गं, ज्यांना दिसायची त्यांना दिसली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इंगर ट्वेडगोर आल्या. बारीक चणीच्या, सपाट चपला, हातात काठी, सोबत कंपनीच्या ब्रँडचं काम बघणारा नातू मॅड्स आणि मागे फोटोग्राफर. रिबन कापून झाली, अरबी कॉफी झाली. प्रणव त्यांना दुकानातल्या घरातून फिरवत होता आणि दर चार पावलांवर ‘हेरिटेज’ म्हणत होता. स्वयंपाकघरापाशी म्हातारी थांबली. तिने पहिल्या बरणीचं झाकण उचललं, आणि बरणीतून मुंग्यांची रांग तिच्या अंगठ्यावरून मनगटाकडे चालू लागली. फायकसमधून निघालेली अख्खी वरात त्या श्वास घेणाऱ्या झाकणांतून बाराही बरण्यांत जाऊन वसली होती.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. कुटुंबातलं कुणी हललं नाही.

“कुमुद!” प्रणव ओरडला.

संपलं, असं कुमुदला वाटलं. फेब्रुवारी डोळ्यांसमोरून गेला. आता खोटं बोलून काय मिळणार होतं? ती पुढे झाली, आपल्या ओढणीने म्हातारीचं मनगट पुसलं आणि येईल त्या इंग्रजीत सांगून टाकलं. मॅडम, साखर मी घातली. नव्या घरात रिकामा डबा ठेवत नाहीत. माझ्या सासूबाईंनी शिकवलंय. मुंग्या मी नाही घातल्या, त्या झाडांच्या आहेत.

इंगरबाईंनी बरणीत बोट घातलं, मुंगी झटकली आणि साखरेचा कण जिभेवर ठेवला. मग त्या अशा हसल्या, की काठी बाजूला ठेवावी लागली. “माझी आजी नव्या घरात मीठ घेऊन जायची,” त्या म्हणाल्या. “मी विसरलेच होते. तुझ्या सासूचं नाव काय?”

“नर्मदा.”

“नार्-मा-दा,” म्हातारीने म्हणून बघितलं आणि कुमुदचा हात दाबला. कुमुदच्या डोळ्यांत पाणीच आलं. नऊ वर्षांत कंपनीतल्या कुणी तिला घरच्या माणसाचं नाव पहिल्यांदा विचारलं होतं. आणि मागे उभा असलेला मॅड्स फोनवर भराभरा काहीतरी टाइप करत होता.

काय टाइप करत होता ते तीन आठवड्यांनी कळलं. ‘प्रिय कुटुंबीयांनो, आपली एक जुनी, विस्मृतीत गेलेली कौटुंबिक परंपरा पुन्हा सुरू करताना आनंद होत आहे.’ परंपरेचं नाव ‘एत निप सुकर’. म्हणजे डॅनिशमध्ये चिमूटभर साखर. नील्सच्या बायकोने म्हणे पहिल्याच दुकानापासून प्रत्येक बरणीत साखर घालायची पद्धत पाडली होती. मिठाची साखर कधी झाली आणि नर्मदाबाई कुठे गळल्या, ते विचारायला इंगरबाई जागेवर नव्हत्या. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. यापुढे जगभरच्या दुकानांत प्रत्येक बरणीसोबत साखरेची एक राखाडी पुडी मिळणार होती, आणि बरणी आता एकोणसाठ दिरहमला.

दुसऱ्या दिवशी प्रणवने कुमुदला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. चहा आला तेव्हाच तिने ओळखलं की काहीतरी आहे.

“कुमुदताई, व्हिडिओ करतायत. तुम्हीच पाहिजे म्हणाले, मॅड्सने स्वतः नाव घेतलं. फक्त एक वाक्य आहे.” त्याने कागद पुढे सरकवला.

वाक्य इंग्रजीत होतं. ही सुंदर प्रथा मी ट्वेडगोर कुटुंबाकडून शिकले, आणि आता माझ्या घरीही पाळते.

कुमुदने दोनदा वाचलं. “सर, हे उलटं आहे.”

“माहितीये हो.” प्रणव खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत राहिला. “ताई, ती मोकळं करायची लिस्ट अजून फायनल नाहीये. व्हिडिओतल्या माणसाला कोण कशाला मोकळं करेल? मी आपला विचार करून सांगतोय. पर्णिका बारावीला आहे ना?”

आता ह्याला धमकी म्हणावी की उपकार? प्रणवला स्वतःलाही ते ठाऊक नसावं. कुमुदने चहा संपवला. मग विचारलं, “साडी नेसू की युनिफॉर्म?”

“साडी चालेल. ऑथेंटिक दिसेल.”

शूटिंग त्याच बारा बरण्यांसमोर झालं. कुमुदने मोरपंखी साडी नेसली, राखाडी पुडी फाडली, चमच्याने साखर बरणीत घातली, कारण कॅमेऱ्याला चमचा चांगला दिसत होता, आणि वाक्य म्हटलं. पहिल्याच टेकमध्ये ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हमदुल्लाही गोदामाच्या दारातून बघत होता, त्याने मात्र वाजवल्या नाहीत. तो राजम्याची पोती उचलायचा, त्याला सगळं माहीत होतं.

नोव्हेंबरात यादी लागली. कुमुदचं नाव नव्हतं. तिच्याऐवजी हमदुल्लाला मोकळं केलं. निघताना तो म्हणाला, “इन्शाल्ला बच्ची पास होगी, बाजी.” कुमुदला त्याच्याकडे बघवेना.

व्हिडिओ रविवारी आला. संध्याकाळी पर्णिकाने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून आजीला व्हिडिओ कॉल लावला. कुमुद ओट्याशी होती. समोर शेजारच्या सफाचा काचेचा वाडगा, धुऊन पुसून कोरडा केलेला. दुपारी सफाने त्यातून खीर पाठवली होती.

नर्मदाबाईंचा चेहरा पडद्यावर मावत नव्हता. “अगो कुमुद, काय दिसत्येस गो साडीत! मी सगळ्या ग्रुपवर पाठवलाय. महिला मंडळ, रेडीज परिवार, आणि तो आमच्या योगाचा. साखर घालताना बघितलं नि म्हटलं, हे तर माझंच! चमचा कशाला घेतलास ते मात्र कळलं नाही. पर्णिका, इंग्लिशमध्ये काय बोलली ती? माझं नाव घेतलंन का?”

“पर्णिका, थांब,” कुमुद म्हणाली. पण पोरगी आजीला आपलं मराठी दाखवायला उतावीळ झाली होती.

“आजी, ममा म्हणते की हे साखरवालं कस्टम तिला डॅनिश फॅमिलीने शिकवलं. देन आता ती घरी पण करते.” मग आईकडे वळून, “इट्स सो कूल, ममा. ऑल धिस टाइम आय थॉट इट वॉज आजीज थिंग.”

“आजीचंच आहे ते!” कुमुद जवळजवळ किंचाळली.

“बट ममा, यू सेड इट. ऑन कॅमेरा.”

पडद्यावर नर्मदाबाई हलेनात. पर्णिकाला वाटलं नेट अडकलं, तिने फोन हलवून बघितला. नेट अडकलं नव्हतं. म्हातारीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

“कुमुद, नोकरी राहिली का गो?”

“राहिली, आई.”

“पोरीची बारावी?”

“इथेच होईल.” लाज वाटली तिला, अशी लाज की सिंकचा नळ उगाच सोडला.

“मग झालं तर. माझ्या साखरेला कुठे नाव लिहिलंय?” नर्मदाबाईंची नजर ओट्यावर गेली. “तो वाडगा कुणाचा?”

“शेजारणीचा.”

“रिकामा देऊ नको हो.”

ओट्यावर स्टाफला वाटलेल्या राखाडी पुड्यांचा खोका होता. पर्णिकाने त्यातली एक काढून आईपुढे धरली. कुमुदने ती बाजूला ठेवली, साखरेचा आपला डबा उघडला आणि हाताने चिमूट घेऊन वाडग्यात घातली. फोनवर नर्मदाबाई बघत होत्या. मग त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पर्णिका, बाळा, ग्रुपवर मात्र कुणाला त्याचा अर्थ सांगू नकोस हो. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलंय.”